गिऱ्हाइकाचे दाणे

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला सील लागलं, तेव्हा सगळी गल्ली रस्त्यात येऊन उभी राहिली. शटरच्या कुलपाला दोरी, दोरीवर लाखेचा लाल गोळा, आणि वर चिकटवलेला सरकारी कागद. कालपर्यंत त्याच दुकानातून लोकांनी पीठ नेलं होतं. त्या पिठात उंदराच्या लेंड्या दळल्या गेल्या होत्या आणि ते खाऊन एक अख्खं घर आजारी पडलं होतं, हे आज कळत होतं. ज्यांनी पीठ नेलं होतं ते आपापलं पोट चाचपून पाहत होते.

गर्दीत चाळणीही उभी होती. हिचं खरं नाव गल्ली विसरून गेली होती. सकाळी दुकान उघडायच्या आधी ओट्यावर बसून ती चाळायला लागायची ती दिवस मावळेपर्यंत चाळतच असायची. हिच्या हातून फक्त वारा सुटतो, बाकी सगळं अडकतं, अशी गल्लीची थट्टा होती. गल्लीच्या मधोमध असलेलं किराणा दुकान तिच्या नवऱ्याचं. मागे दोन खोल्यांचं घर, घरात नवरा-बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई.

"आता सगळीकडे फिरणार म्हणे त्या तपासणीवाल्या बाई," शेजारचा तेलवाला म्हणाला. "एकेक दुकान बघणार. वहिनी, तुमचं काय, तुम्ही सुटलात. आमचं कसं व्हायचं?"

"कर नाही त्याला डर कशाला, भाऊजी," चाळणी म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने वळून आपल्या दुकानाकडे पाहिलं.

कारण यंदाचं वर्षच वाईट होतं. पिकं निघून घरात आली तरी पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. दुकानाच्या मागची भिंत आतून पाझरत होती. तांदूळ हातात घेतला तर गार लागायचा, मीठ पाघळून पोत्याखाली डबकं साचायचं, काड्यापेट्या पेटत नव्हत्या. भिंतीकडेची शेंगदाण्याची दोन पोती नवऱ्याने हलवायला घेतली तेव्हा त्यांची बुडं काळी पडली होती. त्याने आत हात घातला तर आत ऊब होती. त्याने हात तसाच बाहेर काढला, वास घेतला, आणि दोन्ही पोती एकामागून एक पाठीवर घेऊन मागे घरात नेऊन टाकली.

हा या दुकानाचा नियम होता. म्हातारीने घालून दिलेला. सासरा गेल्यावर तिने एकटीने दुकान चालवलं, मुलगा वाढवला, आणि एकच गोष्ट सगळ्यांना शिकवली. चांगलं गिऱ्हाइकाच्या पिशवीत, उरलेलं आपल्या पोटात. कीड लागलेला तांदूळ, खवट झालेलं तेल, फुटकी बिस्किटं, गंजलेल्या डब्यातलं दूध, सगळं आत. टाकायचं मात्र काही नाही. टाकणं म्हणजे पाप, आणि विकणं त्याहून मोठं पाप. मग उरतं काय? आपण. त्या दुकानात कचऱ्याची बादली कधी ठेवलीच नव्हती, कारण तिची गरज पडली नव्हती.

नवरा हे पाळत आला, आणि लग्न होऊन आल्यावर चाळणीने ते असं उचललं की म्हातारीने दुकानाची किल्ली तिच्या हातात दिली. खराबातून बरं काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते बुरशीचे दाणे तिने धुतले, फडक्याने एकेक पुसला, ऊन पडेल त्या घटकेला ओट्यावर पसरले, ढग आला की उचलले, पुन्हा पसरले. मग मंद आचेवर खरपूस भाजले, सालं पाखडली, बरण्या भरल्या. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, आता काय वाईट आहे यात? म्हातारीला दात नव्हते. तिला रोज दोन्ही वेळेला खलात दाणे कुटून, बारीक करून, मऊ भातात कालवून द्यायचे. म्हातारी आवडीने खायची.

हल्ली मात्र ती खाटेवरून उठत नव्हती. पोट फुगलं होतं, पाय सुजले होते, डोळ्यांत पिवळेपणा आला होता. बाजारातल्या डॉक्टरने वयाचं कारण सांगून गोळ्या दिल्या होत्या. "खाण्यापिण्याची आबाळ नको," एवढं तो म्हणाला, आणि नवऱ्याकडे बघून हसला. "पण तुम्हाला काय सांगायचं? घरचंच दुकान." त्यामुळे चाळणी दाणे जरा जास्तच कुटायला लागली होती. ताकद यायला हवी ना.

सील पाहून घरी आल्यावर नवरा खुर्चीत बसला तो बसलाच.

"आपल्याला सील लागलं तर काय करायचं गं?" त्याने विचारलं. "मला दुसरं काही येत नाही. पोती उचलायची आणि तोलायचं."

"कशाला लागेल? उठा. आधी ती फळी काढा."

दोघं कामाला लागली. सगळी पोती भिंतीपासून ओढून फळ्यांवर चढवली. नवऱ्याची पाठ जुनीच धरलेली, प्रत्येक पोत्याला तो दातावर दात रोवून हुंकार द्यायचा. चाळणीने डबे रिकामे करून घासले, पुसले, उन्हाअभावी चुलीजवळ सुकवले, पुन्हा भरले. उंदराची बिळं काच कुटून सिमेंटने बुजवली. खिडकीला जाळी ठोकली. तराजूच्या पारड्याखाली साचलेला मळ तिने हेअरपिनने कोरून काढला. तारीख गेलेला एकेक पुडा शोधून आत नेला. बोटांची टोकं सोड्याने सोलून निघाली, तरी हात थांबेना. खाटेवरून म्हातारी हाका मारत होती.

"फळीच्या खालून पुसलंस का?"

"पुसलं, आई."

"मग दोनदा पूस. लोकांच्या तोंडात जातं ते."

पलीकडे तेलवाला भेसळीचे डबे सायकलवर लादून कुठल्याशा नातेवाइकाकडे नेऊन ठेवत होता.

तपासणीवाल्या बाई आल्या त्या सकाळी पाऊस थांबला होता. उंच, वयाने चाळणीएवढ्याच, पायात चिखलाने माखलेले बूट, खांद्याला पेटी. हसणं नाही, रागावणं नाही. चहा नको म्हणाल्या तेव्हा नवऱ्याने कप तसाच मागे नेऊन ठेवला. गल्लीतले चारसहा जण दारात येऊन उभे राहिले, तेलवाला सगळ्यांत पुढे.

बाईंनी परवाना पाहिला. वजनं पाहिली. टॉर्च घेऊन फळ्यांच्या खाली वाकल्या. तांदळात कोपरापर्यंत हात घातला. पीठ कागदावर पसरून पाहिलं. डाळी, साखर, तेल, सगळ्याचे वास घेतले. पुड्यांवरच्या तारखा एकेक करून वाचल्या. चाळणी त्यांच्या मागोमाग फिरत होती. बाईंचा हात जिथे जाईल तिथे आपला हात आधी फिरलेला आहे हे तिला आठवत होतं, आणि हळूहळू तिचा ऊर भरून येत होता.

पण बाईंच्या कपाळावर आठी पडायला लागली. त्यांनी टॉर्च बंद केला. पाझरणाऱ्या भिंतीला हात लावला. हात ओला झाला.

"या भिंतीला काय होतं?"

"शेंगदाणे होते, मॅडम," नवरा म्हणाला.

"ते भिजले?"

नवऱ्याने सदऱ्याच्या बाहीने भिंतीचं पाणी टिपलं.

"इतके महिने पाऊस पडतोय. मी दुकानामागून दुकान बघत आले. प्रत्येकाकडे थोडा तरी खराब माल आहे. तुमच्याकडे एक दाणा नाही. तो जातो कुठे?"

नवऱ्याने फळीवरचं पोतं उगाच सारखं केलं.

"फेकता?"

"नाही, मॅडम."

"व्यापारी परत घेतो?"

"नाही घेत."

"मग विकता. धुऊन-पुसून, चांगल्यात मिसळून विकता." बाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागला. "कोपऱ्यावरचाही हेच करायचा. फरक एवढाच की त्याला लपवता आलं नाही."

दारात कुजबुज सुरू झाली. इतकी वर्षं याच दुकानातून माल नेणारी माणसं आता एकमेकांकडे बघायला लागली. नवरा सदऱ्याची बटणं चाचपत उभा होता. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता, पण ते वाक्य बोलायची त्याला लाज वाटत होती. गल्लीतला दुकानदार, पांढरा सदरा घालून गल्ल्यावर बसणारा, आणि घरात काय खातो? बाईंनी पेटी उघडून लाखेची कांडी बाहेर काढली.

"आम्ही खातो," चाळणी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"विकत नाही, बाई. देवाशपथ एक दाणा विकलेला नाही. खराब झालेलं सगळं आम्ही खातो. आत चला, दाखवते. बरण्या भरलेल्या आहेत."

मग तेलवाला फिस्सकन हसला. "घ्या! आम्हाला वाटायचं हे लोक तूप खात असतील." त्याच्या मागे दोघंतिघं हसली. नवऱ्याने मान वर केली नाही, त्याचे कान लालभडक झाले होते. चाळणीलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुकान वाचत होतं. दुकान वाचत असेल तर हसू देत, असं म्हणत तिने पडदा बाजूला केला.

स्वयंपाकघरात फळीवर बरण्या ओळीने लावलेल्या होत्या. चाळणी एकेक काढून दाखवायला लागली. बोलता बोलता तिची लाज गेली आणि त्या जागी अभिमान आला. हा किडका तांदूळ, हा मी कसा निवडते बघा. हे तेल, यात आलं टाकून कढवलं की वास मरतो. हे दाणे, यांना तर किती निगुतीने केलंय.

बाईंनी दाण्यांची बरणी हातात घेतली. झाकण उघडून वास घेतला. एक दाणा काढून नखाने उभा चिरला. दोन पाकळ्या वेगळ्या झाल्या. मधल्या पोकळीत हिरवट-पिवळी भुकटी होती. त्यांनी दुसरा चिरला. तिसरा चिरला. प्रत्येकात तेच.

चाळणीने दाणे बाहेरून पुसले होते. आत कधी पाहिलं नव्हतं.

"हे कोण खातं?" बाईंचा आवाज बदलला होता.

"थोडे आम्ही दोघं. जास्त करून आई खातात. दात नाहीत ना त्यांना, मी कुटून देते."

"किती?"

"रोज. दोन्ही वेळेला. त्यांना फार आवडतात."

बाई वळल्या. खाट तिथेच, खोलीच्या कोपऱ्यात होती. म्हातारी उशाला टेकून बसली होती आणि पाहुणी आली म्हणून पदर सारखा करत होती. बाई तिच्याजवळ गेल्या, वाकल्या, टॉर्च लावून तिचे डोळे पाहिले. पिवळे. पायावर बोट दाबलं. बोट काढल्यावर खड्डा तसाच राहिला. खांद्यावरच्या पेटीची, लाखेची, परवान्याची गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावरून कुठल्या कुठे गेली होती.

"यांना आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या," त्या म्हणाल्या. "ही बरणी बरोबर न्या. डॉक्टरांना दाखवा."

"का? दाण्यांना काय झालं?"

"या बुरशीत विष असतं. ते लिव्हरवर जातं."

"पण मी भाजलेत," चाळणी म्हणाली. "चांगले खरपूस भाजलेत. धुतलेत, उन्हात घातलेत."

"धुऊन जात नाही ते. भाजूनही जात नाही."

"अहो पण मी एकेक दाणा पुसलाय." ती तेच पुन्हा म्हणाली. "एकेक दाणा पुसलाय, बाई."

बाईंनी चाळणीचा हात धरला, खिडकीच्या उजेडात तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "तुम्हालाही भूक लागत नाही का हल्ली?" लागत नव्हती. तिला वाटायचं, कामाने असेल.

पडद्याजवळ नवरा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्या मागे तेलवाला होता, आणि त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच अर्धवट राहून गेलं होतं.

म्हातारीला तेलवाल्याच्याच हातगाडीवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. गाडी त्याने स्वतः ओढली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने बरणी पाहिली, रक्त तपासलं, आणि बाजारातल्या डॉक्टरला फोन लावून बराच वेळ बोलत राहिला. बाजारातला डॉक्टर संध्याकाळी स्वतः आला. बाकड्यावर नवऱ्याशेजारी बसला. "मी विचारलंच नाही हो," तो म्हणाला. "काय खाता, एवढं विचारायला हवं होतं. किराणावाल्याच्या घरात काय विचारायचं, असं वाटलं मला." आणि त्याने चष्मा काढून हातात धरला.

लिव्हरचं जे गेलं ते गेलं, जे उरलंय ते जपा, असं सांगून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काही दिवसांनी म्हातारीला घरी पाठवलं. चाळणीचं आणि नवऱ्याचं वेळेत लक्षात आलं, असं म्हणाले. म्हणजे उशीर एकटीच्याच बाबतीत झाला होता, आणि ती एकटी सगळ्यांत लाडकी होती. जिच्यावर जीव, तिच्याच ताटात जास्त वाढलं होतं. चाळणी हे मनात घोळवायची आणि हातातलं काम तसंच टाकून उभी राहायची. हात तिचे होते. खल तिचा होता. तिने किती प्रेमाने कुटलं होतं ते तिलाच ठाऊक होतं, आणि आता त्या प्रेमाचं करायचं काय ते तिला कळत नव्हतं.

बाई पुन्हा आल्या, या वेळी कागद द्यायला. दुकान पास झालं होतं. "या भागात इतकं स्वच्छ दुकान मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या आणि कागद टेबलावर ठेवून पटकन दुसरीकडे पाहिलं. एकच सुधारणा सुचवली होती. खराब मालासाठी झाकणाची बादली ठेवायची, आणि त्यातलं जमिनीत खोल पुरायचं. जनावरालाही घालायचं नाही.

नवऱ्याने घरामागे खड्डा खणायला घेतला. ओली माती कुदळीला चिकटत होती, दर दोन घावांनी पायाने खरवडावी लागत होती. कमरेएवढा खड्डा झाल्यावर चाळणी एकेक बरणी आणून देऊ लागली. तांदूळ गेला, तेल गेलं. दाण्यांची बरणी हातात घेऊन तो खड्ड्याच्या काठावर उभा राहिला, आणि त्याचा हातच वळेना. आयुष्यात त्याने अन्न कधी टाकलं नव्हतं.

"द्या इकडे," चाळणी म्हणाली.

"नको. आईने शिकवलेलं आहे मला, मीच टाकतो." त्याने बरणी उपडी केली. खरपूस, गुलाबी दाणे चिखलात पडले आणि दिसायला अगदी छान दिसत होते. मग तो तिथेच उकिडवा बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. चाळणीने फावडं उचललं आणि माती लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ती पुढे गेली. नव्या व्यापाऱ्याकडून आलेलं दाण्यांचं पोतं फळीवर होतं, कोरडं, टपोऱ्या दाण्यांचं. तिने ओंजळ भरली आणि मागे वळून पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून. आपल्याच दुकानात तिला चोरी करतेय असं वाटत होतं. डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, चांगला दाणा थोडा चालेल. तिने प्रत्येक दाणा चिरून आत पाहिला. सगळे पांढरेशुभ्र होते. मग भाजले, कुटले, मऊ भातात कालवले आणि ताटली घेऊन खाटेशी बसली.

म्हातारीला काय झालंय ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. नवरा दाराशी उभा होता.

चाळणीने पहिला घास भरवला. म्हातारीने तो जिभेवर घोळवला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने पुन्हा चव घेतली, सुनेकडे पाहिलं, आणि घास हळूच बोटांनी काढून ताटलीच्या कडेला ठेवला.

"गोड लागतंय," ती म्हणाली.

"खा ना, आई. चांगले आहेत."

"तेच म्हणते मी." म्हातारीने ताटली दोन्ही हातांनी सुनेकडे सरकवली. तिच्या पिवळ्या डोळ्यांत राग नव्हता, नेहमीची करडी शिस्त होती. "हे आपले नाहीत. गिऱ्हाइकाचे आहेत. जा, परत ठेवून ये."